वाऱ्याची बाही

आखातातल्या विमानतळावर आमच्या बसमध्ये फोन खिशात ठेवायचा, हातात घ्यायचा नाही, असा नियम आहे. मी तिथं बस चालवतो. विमान येऊन थांबलं की शिडीपाशी बस लावायची, माणसं भरायची, इमारतीच्या दाराशी सोडायची, पुन्हा मागं. त्या दिवशी शिडी लागायला वेळ होता आणि माझ्या खिशात फोन थरथरत राहिला, थांबला, पुन्हा थरथरला. मी पहिल्यापासून भित्रा माणूस. गावाकडचा फोन वेळ सोडून आला की माझ्या मनात आधी आई जाते, मग बायको तापानं फणफणते, मग पोराला सरळगावच्या नाक्यावर डंपर उडवतो, आणि हे सगळं होऊन गेल्यावर मी नंबर बघतो. नंबर कमळीआत्याच्या नातवाचा होता. आत्या कधी फोन करत नाही. माणसं सोडून झाल्यावर गाडी लावली, सावलीला उभा राहिलो आणि लावला.

"जेवलास का रे?" तिनं विचारलं.

"हो आत्या. काय झालं?"

"तिकडं पाऊस हाय का?"

"इथं पाऊस नसतो आत्या. काय झालं ते सांग."

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. "कप्तान गेला रे तुजा," ती म्हणाली. "शहापूरच्या दवाखान्यात नेलंवतं काल, कल्याणला न्यायचं म्हनत व्हते... त्याच्या आदीच." तीच पुढं म्हणाली, "ती बाही उतरवू का ठेवू? कुनाला इचारू? तुलाच इचारते."

"ठेव," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

त्याला आता काही आठवडे झाले. वैदेहीताईचा परवा फोन आला, म्हणाली, भास्करदादा, कर्णिककाकांवर तुम्ही लिहा. मी म्हटलं, ताई, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस, त्यांच्याबरोबर विमानं उडवलेली मोठमोठी माणसं आहेत, ती लिहितील. ताई म्हणाली, ती माणसं विमानांवर लिहितील. म्हणून लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कॅप्टन कर्णिक नोकरीतून मोकळे झाल्यावर सापगावच्या पुढं, किन्हवलीच्या रस्त्याला जमीन घेऊन घर बांधून राहिले. मावशी, म्हणजे त्यांची बायको, घर पुरं व्हायच्या आधीच वारल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मी तेव्हा पोल्ट्रीची पिल्लं टेम्पोनं पोचवायचो, मुरबाड ते आटगाव, आटगाव ते कुठं कुठं. त्यांना ड्रायव्हर हवाय असं कळलं म्हणून गेलो. मोतीबिंदू काढल्यावर उजेडाचा त्रास होतो म्हणून त्यांनी आपलं आपणच गाडी चालवणं बंद केलं होतं. कुणी मनाई केली नव्हती, डॉक्टरनंसुद्धा नाही. मला शेजारी बसवून मुरबाडपर्यंत नेलं आणि परत आणलं, वाटेत एक अक्षर बोलले नाहीत. घरापाशी आल्यावर म्हणाले, "तू ब्रेक फार लवकर लावतोस."

"भीती वाटते साहेब."

"मग ठीक आहे. उद्यापासून ये."

माझ्या भित्रेपणाला पगार मिळण्याची ती पहिली वेळ. साहेबांचे पुढं काका झाले, ते कधी झाले ते आठवत नाही.

घर झालं तसं त्यांनी पहिलं काम काय केलं, तर मावशींची एक केशरी ओढणी काढली आणि मला घेऊन शहापूरच्या बाजारात शिंप्याकडं गेले. कागदावर आकृती काढून दाखवली. एका बाजूला तोंड मोठं, दुसऱ्या बाजूला लहान, दोन्हीकडून उघडी. विमानतळावर वारा बघायला असते तशी कापडाची नळी त्यांना हवी होती. तीत वारा शिरला की ती फुगून आडवी होते, कुठल्या बाजूचा वारा आणि किती, ते लांबून कळतं. शिंप्यानं आकृती उलटी केली, सुलटी केली, चष्म्यातून काकांकडं बघितलं आणि विचारलं, "एकच बाही? दुसरी कुठाय?" त्या दिवसापासून तिचं नाव बाही. छपराच्या कोपऱ्यावर बांबू उभा करून मी ती लावली. पाड्यातल्या लोकांना आधी वाटलं कुठल्या तरी देवाचं निशाण असेल, दोघी-तिघी येताजाता हात जोडायच्या. काकांनी त्यांना कधी थांबवलं नाही. मला म्हणाले, "वाऱ्याला नमस्कार केला तर बिघडलं कुठं?"

कमळीआत्याचं खळं काकांच्या कुंपणाला लागून. तिनं नमस्कार वगैरे केला नाही. ती सुगीच्या दिवसांत भात उफणायला उभी राहायची, आणि उफणायला वारा लागतो. वारा पडला की हातातलं सूप नुसतं धरून बसायचं. आत्याच्या लक्षात आलं की वारा आपल्या अंगाला लागायच्या आधी बाहीला लागतो. मग ती निवांत बांधावर बसून पान खायची आणि बाही हलली की उठायची. "कप्ताना," ती कुंपणावरून ओरडायची, "आयुष्यभर इमानं उडवलीस, आता भात उडव." काका हात जोडायचे. त्यांनी स्वतः लावलेली वांगी कीड खाऊन टाकायची आणि आत्या दर वर्षी ते बघायला येऊन म्हणायची, "यंदा किडीचं पीक चांगलं आलंय." हा दोघांचा खेळ होता.

रविवारी काकांकडं दोन जुने सोबती यायचे. सोमणसर, मोठी विमानं चालवलेले आणि आता नव्या वैमानिकांना शिकवणारे, अंगानं काटकुळे, बोलणं मोजून मापून. आणि वसईचे डिसिल्वा, त्यांनी छोटी जेट विमानं चालवली, ज्यात शेठ लोक, पुढारी, बड्या कंपन्यांचे साहेब जातात तसली. डिसिल्वांचं मराठी आमच्यापेक्षा ठसकेबाज आणि आवाज ओट्यावरून रस्त्यापर्यंत. गाडीनं यायचे, मी आसनगावच्या पुढं हायवेला थांबून त्यांना वाट दाखवायचो, कारण डिसिल्वा दर वेळी चुकायचे. काका म्हणायचे, "सगळी दुनिया फिरला आणि सापगाव सापडत नाही."

या तिघांच्या गप्पा विमानांच्या. कुठं काही अपघात झाला की त्या रविवारी तो विषय निघायचाच. पण काकांच्या ओट्यावर एक रीत होती, ती मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. दुसऱ्याचं विमान का पडलं, का घसरलं, यावर मत द्यायचं तर आधी त्याच गोष्टीतली आपली एक चूक सांगायची. वारा म्हणायचं असेल तर वाऱ्यातली आपली, ब्रेक म्हणायचं असेल तर ब्रेकमधली आपली. काका त्याला तिकीट म्हणायचे. "दुसऱ्याच्या विमानात चढताय, आधी तिकीट दाखवा." तिकीट नसेल तर गप्प बसून चहा प्यायचा. एकदा किन्हवलीचा एक शिक्षक सहज आला होता, तो म्हणाला, पायलटची झोप लागली असणार. काका म्हणाले, "गुरुजी, तिकीट?" गुरुजी बिचारे गोंधळले, मग हळूच म्हणाले, वर्गात एकदा डुलकी लागली होती, पोरं घरी निघून गेली. "या, बसा," काका म्हणाले. "तुमची जागा खिडकीची."

वैदेहीताईचा अपघात झाला त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता. नावं-गावं मी लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना आहे. वैदेहीताई काकांच्या एका मित्राची मुलगी, वडील लवकर गेले, काकांच्या नजरेसमोर वाढलेली. एका छोट्या जेट विमानावर ती दुसरी वैमानिक होती, म्हणजे मुख्य कॅप्टनच्या शेजारी बसणारी. आतल्या एका गावी, आखूड धावपट्टीवर विमान उतरलं, पट्टी ओली होती, ते थांबलंच नाही. पट्टी संपली, पुढं चिखल, पुढचं चाक मोडलं आणि विमान नाकावर टेकून बसलं. जीव कुणाचा गेला नाही. मागं बसलेल्या पाहुण्याच्या गळपट्टीचं हाड मोडलं, कॅप्टनांच्या पाठीला मार बसला, ताईला खरचटलंसुद्धा नाही. टीव्हीवर ते नाकावर टेकलेलं विमान दिवसभर दाखवत होते. कुणी म्हणायचं ब्रेक फेल, कुणी म्हणायचं पायलट नवखी होती. फोनवर लोक फोटोखाली काय काय लिहायचे ते मी वाचायचो आणि काकांना सांगायचो नाही.

काकांनी तिला सापगावला बोलावून घेतलं. मीच कल्याणहून आणलं. गाडीत मागं बसून ती वाटभर बाहेर बघत होती, मी ब्रेक लावला की सीट घट्ट धरायची. मला ओळखीचं होतं ते. घरापाशी उतरली, वर बघितलं आणि तिथंच उभी राहिली. वाऱ्यानं बाही भरून आडवी झाली होती. ताई तशीच आत गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "भास्करदादा, ते वरचं काढता येईल का... थोडे दिवस?"

मी काकांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. शिडी लावून काढली आणि घडी करून माळ्यावर ठेवली. का ते काकांनी विचारलं नाही, म्हणून मीही विचारलं नाही.

ताई आठवडाभर राहिली. जेवायची नाही नीट. सकाळी माझ्याबरोबर स्वयंपाकघरात येऊन भाजी निवडायची, तांदूळ बघायची, हातांना काम हवं म्हणून. तेव्हा तिनं एवढं सांगितलं की चौकशीवाले एकदा भेटून गेलेत, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. आणि आपल्याला परत उडायचं की नाही ते कळत नाही. काकांना सांगू नका म्हणाली. मी नाही सांगितलं, पण काकांपासून काही लपत नव्हतं. ते फक्त वाट बघत होते.

रविवारी सोमणसर आणि डिसिल्वा आले. ताई आत होती, मी तिच्याबरोबर पावटे सोलत होतो. ओट्यावर चहा गेला आणि बोलणं सुरू झालं. दार उघडं होतं, काकांनी ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं असं मला आता वाटतं.

सोमणसर म्हणाले, "मला पाणी वाटतं. ओल्या पट्टीवर वेग जास्त असला की चाक जमिनीला लागतच नाही, पाण्याच्या थरावर तरंगतं. मग ब्रेक कितीही दाबा."

"तिकीट," काका म्हणाले.

सोमणसरांनी घसा साफ केला. ते सांगताना आवाज चढवत नाहीत. म्हणाले, एकदा असंच पाणी साचलेल्या पट्टीवर आपण चाक हलकं टेकवलं, मऊ टेकलं म्हणून मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ओल्या पट्टीवर मऊ टेकवायचंच नसतं, दणकून टेकवायचं असतं, म्हणजे पाणी फुटतं. टाळ्या चालू होत्या आणि विमान घसरत होतं. पट्टीच्या शेवटच्या दिव्यांपाशी थांबलं. "लोकांनी दारात हात मिळवले माझ्याशी," ते म्हणाले. "मी मिळवले."

डिसिल्वांचं म्हणणं, मागचा पाहुणा घाईत असणार. "तुला सांगतो कर्णिक, छोट्या जेटमध्ये मागं बसलेला माणूस पुढं मानेवर श्वास सोडतो." काकांनी नुसता हात पुढं केला, तिकिटासाठी करतात तसा. डिसिल्वा म्हणाले, काढतो, काढतो. एका शेठच्या पोरीचं लग्न, मुहूर्त गाठायचा, खाली ढग इतके की पट्टी दिसेना. परत फिरायला हवं होतं. शेठ म्हणाला, कॅप्टनसाब, आप तो शेर हो. "आणि मी शेर झालो. उतरवलं. काही झालं नाही. शेठनं पेढ्यांचा पुडा पाठवला."

"मग?"

"मग काय, खाल्ले. सगळे." डिसिल्वा हसले आणि मग हसायचे थांबले. "आजही पेढा बघितला की ते ढग दिसतात च्यायला."

मग पुढं इंजिनाचा उलटा झोत उशिरा लागला असेल का, पंखावरच्या पट्ट्या उभ्या राहिल्या नसतील का, विमान पट्टीवर फार पुढं जाऊन टेकलं असेल का, असं एकेक. प्रत्येकाला तिकीट. कुणी कुणाला दोष दिला नाही, कारण देता येत नव्हता. दर कारणात आधी स्वतः बसायला लागत होतं. ताईच्या हातातला पावटा तसाच होता. ती ऐकत होती.

तेवढ्यात कुंपणावरून कमळीआत्या. "काय रे भास्कर, आमचा वारा कुटं नेलास? सकाळपासून सूप धरून उबी हाय खुळ्यासारकी."

मी बाहेर जाऊन हळू म्हटलं, "आत्या, जरा थांब."

"का थांबू? कप्तानानं इकली का बाही?"

"आत्या, मी काढायला सांगितली," माझ्या मागून ताई म्हणाली. ती कधी दारात आली ते मला कळलं नव्हतं.

"का गो? तुला काय केलंन तिनं?"

ताईनं हातातला पावटा खांबापाशी ठेवला आणि काकांना विचारलं, "मला तिकीट लागेल का?"

"तुझ्याच विमानात?" काका म्हणाले. "नको. बस."

ती पायरीवर बसली, आमच्याकडं पाठ, खळ्याकडं तोंड. म्हणाली, उतरताना मला बाही दिसली होती. तिकडची, पट्टीच्या कडेची. वारा समोरून असायला हवा, विमानाला तो धरून ठेवतो. बाही आमच्या पुढं, आम्ही जातोय त्याच दिशेला फुगलेली होती. वारा मागून होता. मागून वारा, पट्टी ओली आणि आखूड. मी एक शब्द बोलायला हवा होता, गो-अराउंड, म्हणजे टेकायचं सोडा, परत वर चला. तो शब्द बोलायचा हक्क माझा होता, कामच होतं. तोंडापर्यंत आला. शेजारी आमचे कॅप्टन, माझे सर होते, त्यांनी मला शिकवलंय, मला वाटलं त्यांना दिसली असेलच, त्यांना कळत असेल. मी बोलले नाही. आणि चौकशीवाल्यांना मी सांगितलं की माझं लक्ष आत काट्यांवर होतं, बाहेरचं बघितलं नाही. आता खरं सांगितलं तर सरांवर येईल, ते पाठ धरून इस्पितळात आहेत. माझ्यावर येईल. मग कोण घेणार मला. नाही सांगितलं तर... ती थांबली. "नाही सांगितलं तर मला कुठलीच बाही बघता येणार नाही."

डिसिल्वांसारखा माणूस चहाच्या कपात बघत होता. कुंपणापलीकडं आत्या सूप घेऊन तशीच उभी.

काका म्हणाले, "आता माझं तिकीट." त्यांची ही गोष्ट सोमणसरांनीही ऐकली नव्हती, ते नंतर म्हणाले. काका तरणे होते, शेजारच्या खुर्चीवर, आणि डावीकडं एक नावाजलेले कॅप्टन. उतरताना वेग जास्त होता, काटा काकांना दिसत होता, शब्द तोंडात होता. बोलले नाहीत. चाकं फार पुढं टेकली, पट्टी लांब होती, थांबलं. "बसमधून जाताना ते म्हणाले, काय कर्णिक, छान झालं की नाही? मी म्हटलं, हो सर." काका ताईकडं बघत नव्हते, तेही खळ्याकडंच बघत होते. "माझ्यापुढं पट्टी उरली होती, म्हणून मी कॅप्टन झालो. तुझ्यापुढं उरली नव्हती. आपल्या दोघांत फरक तेवढाच."

"म्हणजे माझी चूक नाही?"

"असं कुठं म्हटलं मी? चूक आहे. माझी होती तेवढीच आहे. ती सांग जाऊन. बाही दिसली होती म्हणून सांग. पुढं काय होईल ते मला माहीत नाही."

त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, पाठ थोपटली नाही. मला तेव्हा ते कोरडं वाटलं होतं. ताई उठली, माळ्यावरून बाही घेऊन आली आणि मला म्हणाली, शिडी धरा. वर चढून तिनंच बांधली. वारा होता थोडा, ती अर्धी फुगली. खाली कमळीआत्या म्हणाली, "आता कसं. एवड्यासाटी अक्कं खळं उपाशी ठेवलंवतं," आणि सूप डोक्याच्या वर नेलं.

पुढच्या आठवड्यात ताई जाऊन सांगून आली. तिला काही महिने घरी बसायला लागलं, पुन्हा शिकायला, पुन्हा परीक्षा द्यायला लागली. पण मला सांगायचंय ते वेगळं. सांगून आली त्या संध्याकाळीच तिनं इस्पितळात त्या सरांना फोन केला, की सर, मी असं असं सांगून आले. मग ते म्हणाले, "मलाही दिसली होती बाही. वाटलं, तू काही बोलत नाहीस, म्हणजे चालण्यासारखं असेल." ताईनं हे काकांना सांगितलं तेव्हा मी तिथं होतो. दोघं शेजारी शेजारी बसलेले, दोघांना दिसत होतं, आणि दोघं एकमेकांच्या गप्प बसण्यावर विसंबले. काका मला म्हणाले, "भास्कर, चहा टाक. आणि तुला कधी काही दिसलं तर बोलत जा बाबा. चुकीचं असलं तरी बोल."

त्यांनी मला आखातात पाठवलं ते याच्या पुढच्या वर्षी. मोठ्या गाड्यांचा परवाना त्यांनी काढायला लावला, कामापुरतं इंग्रजी त्यांनी घोकून घेतलं, अर्ज त्यांनी भरला. सगळं झालं आणि मी जात नाही म्हणून बसलो. विमानात बसायचं म्हटलं की ते मला समुद्रात पडलेलंच दिसायचं. काका म्हणाले, "तू विमान उडायच्या आधीच पाडतोस." मग एका दुपारी मला ओट्यावर खुर्चीत बसवलं, कंबरेला टॉवेल बांधला पट्ट्याच्या जागी, आणि विमानात कुठला आवाज कधी येतो ते तोंडानं करून दाखवलं. चाकं पोटात जातात तेव्हाचा धप्प, मधेच इंजिन मंदावल्याचा, पंख थरथरतात त्याचा. "टेकल्यावर मोठ्यानं घुमेल, सगळं विमान हादरेल. इंजिनं ब्रेकला मदत करायला आलीत, घाबरू नकोस." कमळीआत्या कुंपणावरून बघत होती, म्हणाली, "कप्तानाला झपाटलं." खऱ्या विमानात बसलो तेव्हा सगळे आवाज त्यांनी लावून दिलेल्या क्रमानं आले. शेजारचा माणूस देवाचं नाव घेत होता आणि मी एकेक आवाज ओळखत होतो. माझं घर पक्कं झालं, आईचे गुडघे झाले, पोरगा मुरबाडला कॉलेजात आहे. या सगळ्याच्या तळाशी तो टॉवेल बांधलेला ओटा आहे.

शेवटचं भेटलो ते मागच्या सुट्टीत. फार वाळले होते. डोळ्यांनी धूसर दिसायचं, तरी ओट्यावरच बसलेले. मला म्हणाले, "वारा कुठून आहे आज?"

मी वर बघून सांगितलं, "घाटाकडून."

"जोर?"

"अर्धी भरलीय."

"मग मागचं दार उघड, घर गार होईल." निघताना मी पाया पडलो. मला म्हणाले, "विमान टेकलं की फोन नको करूस. थांबलं की कर." दर वेळी हेच म्हणायचे. ह्या वेळीही मी थांबल्यावर केला, आणि त्यांनी विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं काका."

परवाच्या रविवारी सोमणसर, डिसिल्वा आणि वैदेहीताई सापगावला जमले. ताई आता डाव्या खुर्चीवर बसते, कॅप्टन आहे. मला व्हिडिओवर घेतलं. डिसिल्वा तेव्हाही वाट चुकून आटगावाला जाऊन आले होते. कुणीतरी सुरुवात केली, कर्णिक म्हणजे फार शिस्तीचा माणूस, तर डिसिल्वाच म्हणाले, "आधी तिकीट. त्याच्याशी आपण कधी चुकलो ते सांगा, मग त्याच्याबद्दल बोला." मग तेच चालू झालं, हसत होते, डोळे पुसत होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, त्यांनी पाठ थोपटली नाही म्हणून मी त्यांना एकदा कोरडा माणूस समजलो होतो. ताई म्हणाली, "मीसुद्धा, दादा."

मावशींच्या ओढणीची बाही तोवर उन्हापावसानं विरून फाटून गेली होती. कमळीआत्यानं कुणाला न विचारता आपल्या हिरव्या जुन्या लुगड्याची नवी शिवली. पण शेपटाकडचं तोंड शिवून बंद केलं, पिशवी केली. ताई कात्री घेऊन ते उसवायला लागली तशी आत्या म्हणाली, "अगो, फाडतेस काय?"

"आत्या, वारा पलीकडून बाहेर जायला पाहिजे."

"मंग आत काय ऱ्हातंय?"

"काही नाही."

आत्यानं बाहीकडं बघितलं, ताईकडं बघितलं. "नायतर नाय. लाव," ती म्हणाली.

आमच्या विमानतळावरही एक आहे, लाल-पांढरी, पट्टीच्या कडेला. पाळीवर आलो की मी आधी तिच्याकडं बघतो आणि शेजारच्या बसवाल्याला मोठ्यानं सांगतो, वारा अमुकीकडून. तो केरळचा आहे, त्याला वारा कळून बसमध्ये काही फरक पडत नाही, तो हसतो. तरी मी सांगतो. एकदा जोराच्या वाऱ्यात शिडी हलवायला निघाले होते, तेव्हाही मी खाली उतरून म्हटलं, सर, विंड. बरोबर होतो की चूक ते कळलं नाही. ते थांबले, एवढं खरं.

आणि इथली पाळी संपली की गावाकडं फोन लावतो. आईशी बोलतो, बायकोशी बोलतो, मग आत्याच्या नातवाला लावतो. सुगी चालू आहे तिकडं. काल विचारलं, "आत्या, बाही काय म्हनते?"

"पडलीय. वारा नाय."

"मंग?"

"मंग काय," ती म्हणाली, "सूप घेऊन बसलेय त्याच्या ओट्यावर. येल की."